पालथं पडून ऐकलेली गोष्ट

आईला पालथं निजवणं घरातल्या कुणाच्या बापाच्यानं झालं नसतं. ते एका जाडजूड कादंबरीनं केलं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "पंधरा दिवस पालथं पडून राहायचं. खाणंपिणं आणि न्हाणीघर सोडलं तर तोंड जमिनीकडेच हवं. बुडबुडा वर तरंगतो. तुम्ही पालथ्या असलात तरच तो पडद्याला टेकून त्याला दाबून धरेल. उठून बसलात तर केलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणून समजा."

आणि हे कुणाला सांगायचं, तर आईला! पासष्टी उलटली तरी पहाटे सगळ्यांच्या आधी खाली उतरून तंबूंच्या कारखान्याचं कुलूप काढणारी बाई ती. कारखान्यातल्या बायका तिला 'मुकादम' म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. पहिल्या दिवशी ती तीनदा उठून बसली. दुसऱ्या दिवशी खालच्या एका मशीनचा आवाज बदललेला ऐकून जिन्यापर्यंत गेली. शेवटी थोरल्या सुनेनं तंबूचा जाड कॅनव्हास लोखंडी पलंगाच्या चौकटीवर ताणून बसवला, त्यात तोंडापुरतं लांबट भोक कापलं आणि त्याच्या काठाला कापूस भरून मऊ गोट शिवला. आई त्यावर पालथी झाली, बोटांनी कड चाचपली आणि म्हणाली, "टाके बरे आहेत."

बावीस वर्षांच्या संसारात सासूकडून थोरलीला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

पण नुसत्या खाटेनं भागणार नव्हतं. धाकटी सून शाळेत इतिहास शिकवायची. तिनं शाळेच्या कपाटातून सापडली त्यातली सगळ्यात जाड कादंबरी उचलून आणली. "मला स्वतःला असली पुस्तकं चालत नाहीत," ती म्हणाली, "इतिहासाच्या नावाखाली मनचे मांडे असतात. पण सहाशे पानं आहेत. पंधरवडा निघेल."

गोष्ट होती चारशे वर्षांपूर्वीच्या एका तटबंदीच्या गावाची. गावाला वेढा पडलेला, पुरुष तटावर, आणि आतल्या विहिरी आटत चाललेल्या. जिवंत झरा एकच, तोही तटाबाहेरच्या टेकडीत. तेव्हा गावातली एक गवंड्याची विधवा आपल्या तळघराची फरशी उचकटते आणि नवऱ्याच्या हत्यारांनी टेकडीच्या दिशेनं बोगदा खणायला लागते. टेकडीवर शेळ्या राखणारी एक बाई आहे. जमिनीतून येणारे घाव ऐकून तीही पलीकडून खणायला लागते. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. दिवसातून एकदा दगडावर तीन ठोके मारायचे आणि पलीकडून तीन ठोके आले की दिशा बरोबर, एवढाच काय तो संवाद.

पहिलं प्रकरण ऐकताना आई कुरकुरत होती. दुसऱ्याला गप्प झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी शाळेतून यायला जरा उशीर झाला, तर खाटेखालून आवाज आला, "अगं, ती बाई तिकडे अंधारात गुडघ्यांवर बसलीय आणि तू वाटेत कुणाशी गप्पा मारत होतीस?"

त्यानंतर आईला उठू नका म्हणून सांगावं लागलं नाही.

आत्याबाई आल्या त्या अशा आठवड्याच्या मध्यावर. आत्याबाई म्हणजे आईची नणंद. दूरच्या गावी शिंपीकाम करून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, आणि भावजयीशी तिचं जन्मात कधी पटलं नाही असं सगळे म्हणत. त्या आईला बघायला आल्या हे खरं, पण त्यांना बोलावून घेतलं होतं थोरल्या मुलानं. कारखान्याची जागा एका गोदामवाल्याला हवी होती. मशीन, माणसं, शिलाई यातलं काही नको, नुसत्या चार भिंती. तो आजच उत्तर मागत होता. धाकटा मुलगा जहाजावर. त्यानं फोनवर 'दादा म्हणेल ते' म्हणून हात झटकले होते. आईला हे सांगायचं कसं आणि कुणी, हाच प्रश्न होता.

"आत्याचं ती ऐकेल," थोरला सकाळी बायकोला म्हणाला होता. "निदान आत्याशी भांडण्यात तिचा जोर तरी जाईल. तू काही बोलू नकोस म्हणजे झालं."

"मी कधी बोलते?" थोरली म्हणाली.

ते खरंच होतं. थोरली खालच्या कापणीच्या टेबलाशी उभी राहून बावीस वर्षं कॅनव्हास बेतत आली होती. कुठला तुकडा कुठे बसेल हे तिला कापडाकडे बघूनच कळायचं. पण या कारखान्याबद्दल तुझ्या मनात काय आहे, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं. या आठवड्यात मात्र तिचं काहीतरी बिघडलं होतं. कात्री चालवता चालवता ती मध्येच थांबायची. गवंडीण आज कुठवर पोचली असेल? छताला टेकू द्यायला लाकूड कुठून आणेल? शाळा सुटल्यापासून तिनं कादंबरी हातात धरली नव्हती, आणि आता चारशे वर्षांपूर्वीच्या, कदाचित कधी नसलेल्याच एका बाईच्या काळजीनं तिचं ताटातलं निम्मं तसंच राहत होतं.

दुपारी सगळ्या वर जमल्या. धाकटीनं पुस्तक उघडलं. आत्याबाई खिडकीशी खुर्ची घेऊन चहाचा कप हातात धरून बसल्या, जरा तोंड वाकडं करूनच.

"हे कोण बाई तोडे घालून आलंय?" खाटेच्या भोकातून आईचा आवाज आला. तिला तिथून जमिनीचा एक तुकडा आणि माणसांची पावलं एवढंच दिसायचं. "वन्सं, अजून तोडे? या वयात?"

"माझे पाय, माझे तोडे," आत्याबाई म्हणाल्या. "वहिनी, तू पालथी पडलीस तरी तुझी जीभ काही पालथी पडली नाही."

धाकटी हसू दाबत वाचू लागली. आज बोगद्यात खडक लागला होता. गवंडीण आग पेटवून खडक तापवते, मग त्यावर पिण्याजोगं न राहिलेलं आंबट ताक ओतते आणि तडा गेला की पाचर ठोकते. धूर कोंडतो. ती ओला पदर नाकाला बांधते. गावात प्यायला पाणी नाही, म्हणून शेजारणी पदर ओला करायला आपापल्या वाटणीतलं घोट घोट पाणी आणून देतात. एक म्हातारी येते, वाटी पुढे करते आणि म्हणते, "मी आज तहानलेली नाही." दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणते. तिसऱ्या दिवशी ती येत नाही.

धाकटीनं पान उलटलं. खाली मशीनचा घरघराट चालूच होता.

"मेली का ती?" आत्याबाईंनी विचारलं. चहावर साय धरली होती.

"लिहिलेलं नाही," धाकटी म्हणाली. मग पुस्तक मांडीवर ठेवून तिनं उसासा सोडला. "पण मी एक सांगते. या वेढ्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते एवढंच, की वेढा पडला आणि गाव टिकलं. बोगदा, गवंडीण, म्हातारी हे सगळं लेखिकेच्या डोक्यातलं. तेव्हा बाईच्या हातात छिन्नी कुणी दिली असती?"

"गाव टिकलं ना?" आईनं खालून विचारलं.

"हो. चांगलं आठ महिने."

"मग पाणी कुठून आलं?"

धाकटी पुस्तकाची मागची पानं चाळू लागली.

"तुमच्या इतिहासवाल्यांनी हे विचारलंच नसेल," आई म्हणाली. "लढाई कुणी मारली ते विचारलं असेल. पाणी कुणी भरलं ते कोण विचारतंय? वाच पुढे. आणि जिन्यातल्या माणसाला म्हणावं वर ये. तिथं उभा राहून रोज ऐकतोस ते मला कळतं. तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा करकरतो."

थोरला खाली मान घालून वर आला आणि दाराशी टेकून उभा राहिला. त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्याबाईंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं: थांब जरा, एवढं पान होऊ दे.

पुढच्या पानावर टेकडीच्या बाजूनं माती ढासळली. गवंडीण नेहमीच्या वेळी तीन ठोके मारते. कान लावते. पलीकडून काही येत नाही. ती पुन्हा मारते. दिवसभर मारत राहते. शेजारणी सांगतात, बाई गं, ती गेली असेल, आता पुरे. ती म्हणते, "दिशा तर तिनं सांगून ठेवलीय ना?" आणि पुन्हा छिन्नी उचलते.

धाकटीचा आवाज इथे घोगरा झाला. तिनं पाण्यासाठी हात पुढे केला. एवढीच काय ती उसंत, आणि नेमकं तेव्हाच थोरल्याच्या तोंडून निसटलं, "आई, कारखाना विकायचाय. गोदामवाला खाली बसलाय."

मग जे झालं ते क्षणात झालं. आईचे दोन्ही हात खाटेच्या चौकटीवर आले, कोपरं ताठ झाली, खांदे उचलले गेले. "अहो आई!" धाकटी किंचाळली. आत्याबाईंचा कप फुटला. आणि थोरली, जिनं या बाईसमोर कधी आवाज चढवला नव्हता, ती पुढे झाली, दोन्ही तळवे सासूच्या पाठीवर ठेवून तिनं सगळं वजन टाकलं आणि ओरडली, "खाली! मान खाली घाला आधी! डोळा गेला तर भांडायला कुणाकडे बघाल?"

आईची पाठ तिच्या तळहातांखाली धपापत होती. क्षणभर जोर चालला. मग कोपरं दुमडली आणि आई पुन्हा कॅनव्हासवर टेकली.

"हात काढ," ती म्हणाली.

"नाही काढत," थोरली म्हणाली.

थोरला भिंतीला पाठ लावून पांढराफटक पडला होता. "मला असं सांगायचं नव्हतं गं. आत्या बोलणार होती."

"मग बोला वन्सं," खालून आवाज आला. "त्यासाठीच आलात ना? माझा डोळा बघायला कशाला कोण एवढा प्रवास करतंय!"

आत्याबाई कपाचे तुकडे गोळा करत होत्या. त्या उठल्या, खुर्ची ओढून खाटेजवळ आणली आणि बसल्या. "बोलते. तुझ्या भल्याचंच बोलते. वहिनी, पुरे झालं आता. तू खूप केलंस. या पोरींना काय ठाऊक तू काय केलंस ते? पुस्तकातल्या बाईसाठी जीव टाकतायत. मी तर डोळ्यांनी पाहिलंय."

"वन्सं, नको."

"का नको? मी काय खोटं सांगतेय? ऐका गं. पुराचं साल. माझा भाऊ जाऊन दोन महिने झालेले. मी सोळा वर्षांची. हिला सातवा लागलेला, धाकटा पोटात. नदी फुगली आणि खालचं अर्धं शहर वाहून गेलं. माणसं टेकाडावर उघड्यावर येऊन बसली, वरून धो धो पाऊस. कारखाना बंद होता. कारागीर पुरुष सगळे आपापलं घरदार वाचवायला पळालेले. वीज नाही, मशीनं मुकी. आणि ही बया कारखान्याचं दार उघडते आणि टेकाडावरच्या बायकांना हाका मारते. ज्यांची घरं गेलीत त्यांना! या म्हणाली, आत कापड आहे, दाभण आहेत, आपलं छप्पर आपण शिवू."

खाली कुणीतरी मशीन थांबवलं. घरघराट अर्ध्यावर आला.

"हातानं?" थोरलीनं विचारलं. तंबूचा कॅनव्हास हातानं शिवायचा म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. चार पदरांची ती शिवण. मशीनची सुईसुद्धा तिथे मोडते.

"हातानंच. दाभण आत जाईना. ढकलून ढकलून तळहात फाटले. तळहाताला बांधायच्या चामड्याच्या चकत्या कारागिरांच्याच होत्या, सहा की सात. बायका चाळीस. तेव्हा हिनं काय केलं, पुरातून वाहून आलेल्या जुन्या चपला गोळा करायला लावल्या, त्यांचे तळ कापले आणि एकेकीच्या हाताला बांधले. त्या चपला कुणाच्या असतील याचा विचार करायचा नाही म्हणाली. मेणदोरा संपला तेव्हा फाटके तंबू उसवून त्यांचा दोरा काढला. हिला तर वाकता येत नव्हतं. पसरलेल्या कापडाच्या मधोमध बसून ही चहूबाजूंनी शिवायची, आणि आम्ही कापड हिच्याभोवती फिरवायचो. पाऊस थांबेपर्यंत टेकाडावर एक माणूस उघड्यावर राहिलं नाही. धाकटा त्यातल्याच एका तंबूत झाला, दोन महिने आधी. मी कापसात गुंडाळून धरला होता त्याला."

धाकटीचा हात पुस्तकावर तसाच राहिला होता. नवरा तंबूत जन्मला ही घरातली जुनी थट्टा तिला ठाऊक होती. तिला वाटायचं, कारखान्यावरून कुणीतरी काढलेली कोटी असेल.

"हे कुठे लिहिलेलं आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"कोण लिहिणार?" आत्याबाई म्हणाल्या. "हात रिकामे होते का कुणाचे?"

थोरलीचे तळवे अजून त्या पाठीवर होते. पाठ लहान होती. इतकी लहान असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. मणक्यांचे मणी बोटांना लागत होते. गवंडीण आणि शेळीवाली यांच्यासाठी आठवडाभर तिच्या छातीत जे दाटून येत होतं, ते आता इथे, तिच्या हाताखाली, श्वास घेत होतं. रोज सकाळी जिच्यापुढे तिनं चहा ठेवला, जिचा तिला कधी रागही आला, ती ही. तिनं तळवे उचलले नाहीत.

"फुगवून सांगता तुम्ही," आई म्हणाली. "चाळीस नव्हत्या बायका. पस्तीस असतील."

"मला खांबाला बांधलं होतं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. थोरला बोलत होता, पण कुणाकडे बघत नव्हता. "मी चार वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं. ओल्या कॅनव्हासचा वास आणि कमरेला दोरी. मी ओरडत होतो आणि तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. मला वाटायचं, ते स्वप्न असेल."

"स्वप्न नव्हतं," आई म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता. "बांधलं होतं. दोन पावलांवर पाणी होतं. बघितलं असतं तर उठून तुला घ्यावं लागलं असतं, आणि घेतलं असतं तर पुन्हा दाभण हातात धरवला नसता. म्हणून नाही बघितलं."

थोरला भिंतीवरून घसरत खाली जमिनीवर बसला. आता त्याचं तोंड त्या भोकाच्या जवळपास आलं होतं. "मला त्या आवाजाचा वीट आलाय आई. मशीनच्या. झोपेतसुद्धा ऐकू येतो. बाबांनंतर कारखाना माझाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं का?"

"नाही विचारलं," आई म्हणाली.

"तेच तर मी म्हणते," आत्याबाईंनी डोळे पुसले. "सोड आता. तुझं करून झालं, त्याला नकोय. कुणासाठी धरून ठेवायचं?"

"मला हवाय."

ते वाक्य आपल्याच तोंडून आलं हे थोरलीला क्षणभर उशिरा कळलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आई सोडून.

"कारखाना मला हवाय," ती पुन्हा म्हणाली. यावेळी आवाज स्थिर होता. "मी चालवते. नाहीतरी कापणी मीच बघते. कापड कुठून घ्यायचं ते मला कळतं, कुणाचा टाका कसा आहे ते कळतं. खाली अकरा बायका आहेत. त्यांना घरी बसवून तिथे पोती रचायची? मला ते बघवणार नाही."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "मग माझ्याशी कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली. आत्ताच तो हेच आईला म्हणाला होता. त्यालाही ते लागलं असावं. तो कसंनुसं हसला.

"वावटळीत तंबू फाटला म्हणून गिऱ्हाईक ओरडत आलं," खाटेखालून अचानक प्रश्न आला. "काय करशील?"

थोरली सावरली. "आधी फाटलंय कुठे ते बघेन. शिवणीवर फाटलं असेल तर चूक आपली. नव्यानं शिवून देईन. कापडात फाटलं असेल तर ताण चुकीचा दिला त्यांनी."

"आणि दोरी ओवायच्या कडीपाशी, आयलेटपाशी फाटलं तर?"

"तर... तर चूक त्यांची."

"चूक तुझी," आई म्हणाली. "तिथे दुहेरी पट्टी लावायला हवी होती. उद्यापासून लाव." तिनं कपाळ गोटावर नीट टेकवलं. "आणि माझ्या पाठीवरचे हात काढ आता. नाही उठत मी. तूच खाली जा आणि त्या गोदामवाल्याला सांग."

"मी?"

"मग काय मी जाऊ, अशी रांगत?"

आत्याबाई आधी हसल्या. मग धाकटी. मग त्या दोघींना थांबवता थांबवता थोरलाही. थोरली जिना उतरून गेली. खाली काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. एवढंच ऐकू आलं की गोदामवाल्याचा आवाज चढला, आणि तिचा चढला नाही. मग बाहेरचं दार वाजलं. वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि मागोमाग कारखान्यातल्या बायका जिना भरून उभ्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. त्यातली एक म्हणाली, "मुकादमबाई, आम्ही पण ऐकू का जरा? खालून अर्धंच ऐकू येतं. ती शेळीवाली जिवंत आहे का नाही तेवढं कळू दे."

"माझ्या घशाचं वाटोळं झालंय," धाकटीनं पुस्तक थोरलीच्या हातात दिलं. "ताई, तुम्ही वाचा." आणि मग, जरा अवघडून, "अगदी खरं असल्यासारखं वाचा."

थोरलीला वाचायची सवय नव्हती. पहिल्या दोन ओळींत ती अडखळली. मग गवंडिणीनं छिन्नी उचलली आणि तिला बाकी कशाचं भान उरलं नाही. बोगद्यात हवा संपत आली होती, दिवा धरेना, काळोखातच घाव चालले होते. एका घावाला आवाज निराळा आला, पोकळ. गवंडिणीनं हातानं माती ओढली. पलीकडून गार वारा आला आणि वाऱ्यासोबत एक हात, मातीनं बरबटलेला, बोटं मोडलेली. ढासळलेल्या मातीमागे इतके दिवस ती जिवंत होती. ठोके मारायला दगड उरला नव्हता, म्हणून नखांनी खणत होती. दोघींनी आधी एकमेकींचे चेहरे चाचपून पाहिले. 'तू अशी आहेस होय,' गवंडीण म्हणाली. शेळीवाली म्हणाली, 'बाजूला हो बाई, पाणी येतंय.'

थोरली थांबली. जिन्यातली एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. आत्याबाई टक लावून भिंतीकडे बघत होत्या. थोरला आईच्या खाटेखाली हात घालून तिचा हात धरून बसला होता. तो कधी धरला ते कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुष्कळ गोष्टी झाल्या. थोरल्यानं मशीनकडे पाठ फिरवली आणि मालाची गाडी चालवायला घेतली. गावोगाव तंबू पोचवून तो रात्री गाढ झोपू लागला. आत्याबाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या पुस्तक संपेपर्यंत हलल्या नाहीत, आणि मग दुसरं आणायला धाकटीच्या मागे लागल्या. धाकटी शाळा सुटल्यावर आत्याबाईंसमोर बसून पुराच्या साली कोणकोण बायका होत्या ते विचारत राही. आई खालून प्रत्येक आकडा कमी करत राही.

पंधरवडा संपला तेव्हा डॉक्टरांनी आईला उठवून बसवलं. चांगल्या डोळ्यावर हात धरला, दुसऱ्याची पट्टी काढली आणि विचारलं, "काय दिसतंय?"

आईनं डोळा मिटून उघडला, मान इकडे तिकडे हलवून पाहिली. थोरली समोरच उभी होती.

"गवंड्याची पातळी बघायची पाणसळ असते ना," आई सावकाश म्हणाली, "तशी एक रेघ आहे मध्ये. मान हलवली की डुचमळते. रेघेखाली सगळं काळं."

"तो बुडबुडा आहे. विरत जाईल, रेघ खाली खाली सरकेल," डॉक्टर म्हणाले. "रेघेच्या वर? वर काय दिसतंय?"

आईनं मान जराशी कलती केली. तो धूसर, पाणावलेला डोळा समोर रोखला. इतक्या जवळून आणि इतका वेळ तिनं सुनेकडे कधी पाहिलं नसेल.

"वर माझी सून आहे," ती म्हणाली. आणि मग, अगदी नवल वाटून, "अगं, तुझे केस पांढरे झाले? कधी?"

"होत होते, आई," थोरली म्हणाली. "तुमच्या समोरच."